दाराला कान लावणारे दाजी

आमचे दाजी कोणाच्याही गाडीत बसले, की आधी दाराला कान लावतात. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. गाडीवाला विचारतो, "काय झालं काका?" दाजी एक बोट वर करतात. म्हणजे गप्प बस. मग गाडी खड्ड्यात आदळली, की डोळे मिटूनच सांगतात, "खालची. मागच्या कोपऱ्यातली. मान मोडली तिची."

कोणाची मान, ते नव्या माणसाला कळत नाही. तो घाबरून मागे बघतो.

सांगतो. मोटारीच्या दाराला आतून प्लास्टिकचा पॅड असतो, ज्यावर आपण कोपर टेकतो. तो पॅड नुसता स्क्रूवर उभा नसतो. त्याच्या पाठीला प्लास्टिकच्या क्लिपा असतात, सदऱ्याच्या गुंडीएवढ्या, आणि त्यांना बारीक मान असते. दाराच्या पत्र्याला भोकं असतात. भोकात क्लिप दाबली की टक करून बसते. बसते सहज, निघताना जीव खाते. आमच्याकडच्या उन्हात दोन-चार वर्षं भाजली की काडीसारखी कडक होते, मग ओढली की मान मोडते. एक मोडली की पॅड वाजायला लागतो. खडखड, खडखड. ही खडखड म्हणजे दाजींचा वैरी.

मला या गोष्टींचं कौतुक नाही. मी बोदवड ते जळगाव जन्मभर काळीपिवळी जीप चालवली. चौथीनंतरचं सगळं शिक्षण स्टिअरिंगवर झालं. माझ्या जीपची दारं सुतळीनं बांधलेली असायची, आणि खडखडीला कंटाळून एकही पॅसेंजर मधेच उतरला नाही. पण दाजी पडले शिकलेले. धुळ्याला देवपुरात राहतात, तिथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवायचे. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. आता वय झालं, तरी हात अजून चित्र काढणाऱ्याचा. क्लिप काढताना करंगळी वर धरतात.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं आहे. कोणी पॅडला हात घातला, की ओरडतात, "ओढू नको भो, इचार तिले!" एरवी दाजी शाळेतलं शुद्ध बोलतात, जीव वरखाली झाला की घरची अहिराणी बाहेर येते. तिला विचारायचं म्हणजे काय, तर पॅडच्या कडेनं चपटी काडी सरकवत न्यायची. जिथं काडी अडली तिथं क्लिप आहे. काडी तिच्या अगदी मानेखाली न्यायची आणि जरा उचलायची. नाही म्हणाली तर थांबायचं, फडकं गरम पाण्यात बुडवून तिथं धरायचं, पुन्हा उचलायचं. लोखंडाचा पेचकस चालत नाही, ओरखडा उठतो. म्हणून काडी लाकडाची. आणि काडी म्हणजे काय, तर अक्काचं भाकरीचं उलथणं. तासून तासून इतकं पातळ केलंय की आता त्यानं भाकर उचलली जात नाही. अक्का नवं घेते, दाजी तेही तासतात.

क्लिपांची नावंही आहेत. सहज निघाली ती गरीब. अडून बसली ती मामलेदारीण. जी अर्धी निघते आणि अर्धी भोकात राहते, तिला ते काही म्हणत नाहीत, नुसते खाली बसतात.

दोंडाईच्याला आमच्या नात्यात लग्न होतं. वरातीला नवरदेवाची गाडी फुलं लावून उभी होती. दाजींना मानानं पुढं बसवलं. गाडी मंडपापर्यंत आली नाही तोच दाजींनी बोट वर केलं. उतरले, दार उघडलं, खिशातून उलथणं काढलं. वाजंत्री थांबली. लोकांना वाटलं काही विधी आहे. बायकांनी दाराला हळदकुंकूसुद्धा लावलं. पॅड हातात आला, पण एक क्लिप मेली, आणि लग्नघरी क्लिप कुठून आणायची? नवरदेव पॅड मांडीवर घेऊन मारुतीला जाऊन आला. फोटोत आहे तो. पॅडला बाशिंगाची झालर लागलेली दिसते.

मी अक्काला म्हणालो, "अक्का, दाजींना डॉक्टरला दाखव."

अक्का हसली. म्हणाली, "काय म्हणला?" आणि कानामागं हात नेला.

एक गोष्ट मात्र खरी. दाजी पहिल्यापासून असे नव्हते. त्यांनी पांढरी मोटार निवृत्तीनंतर घेतली, तीही जुनी. तेव्हा ती भांड्याच्या हातगाडीसारखी वाजायची आणि दाजींना पत्ताही नसायचा. संध्याकाळी अक्काला शेजारी बसवून लळिंगापर्यंत जायचे, गाडी वळवायचे, परत यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "गाडी उभी राहिली की बॅटरी बसते." हे क्लिपांचं वेड मागाहून आलं. का आलं, ते घरात कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी वेड लागतंच, असं सगळ्यांनी धरलं.

आता आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं सांगतो.

आमच्या खानदेशात लेक दिवाळीला आली नाही तर चालतं, आखाजीला आली पाहिजे. निंबाला झोके बांधतात, बायका गाणी म्हणतात, खापरावर मांडे होतात, आंब्याचा रस होतो. आईबापाच्या नावानं घागर भरतात. लेकीला आणायला भावानं जायचं असतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी रिकाम्या हातानं परत आला तर गल्ली विचारते. आम्ही भावंडांत दोघंच उरलो, अक्का आणि मी. आणि मागच्या दोन्ही आखाजींना मी रिकामाच परत आलो होतो. अक्का म्हणायची, गाडीत बसलं की डोकं भणाणतं. रेल्वेनं आणावं तर चाळीसगावला गाडी बदलायची, जिने चढायचे, आणि तिचे गुडघे गेलेले. एसटीचं तर नावच नको.

यंदा मी गल्लीत सांगून निघालो, अक्काला घेऊनच येतो. नाही आणलं तर घागर भरणार नाही. असं बोलायला नको होतं असं लोक म्हणाले. मी बोललो ते बोललो.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहिल्या एसटीनं निघालो. जळगावला बदलून धुळ्याला उतरेपर्यंत अंगाचं भरीत झालं होतं. देवपुरात पोहोचलो तर अक्का ओट्यावर बसलेली, नवं लुगडं, पायाशी पिशवी. बघून बरं वाटलं. मग अंगणात नजर गेली.

मोटारीची चारही दारं उघडी. डाव्या पुढच्या दाराचा पॅड काढून खाटेवर उताणा ठेवलेला, ऑपरेशनला घेतल्यासारखा. त्याच्याशेजारी दाजी, गळ्यात ओला पंचा, हातात उलथणं.

"या शालकबुवा," दाजी म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

मी खाली बसलो. दाजींचा अर्धा तास मला माहीत आहे.

"चांगली तर होती गाडी," मी म्हणालो.

"हाऊ आवाज कोना शे, सापडी नही राह्यना." आवाज कोणाचा आहे तेच सापडत नाही, म्हणजे दाजी आधीच अहिराणीवर आले होते. "बाकीची तीन दारं गप्प केली. हेच एक दार ऐकत नाही."

काम कसं चाललं होतं ते सांगतो. जुन्या सगळ्या क्लिपा काढून टाकलेल्या. नव्या आणलेल्या, त्या कोमट पाण्याच्या वाटीत भिजत घातलेल्या, म्हणजे दाबताना मान मोडू नये. प्रत्येक क्लिपेच्या डोक्याखाली जुन्या लोकरी शालीची चकती, कात्रीनं गोल कापलेली. ती चकती पत्रा आणि प्लास्टिकच्या मधे बसते, म्हणजे एकमेकांना घासून वाजणार नाही. शाल दाजींचीच, शाळेनं निरोपाच्या वेळी खांद्यावर घातलेली. तिची आता जाळी झाली होती.

दाजींनी पॅड उचलला, क्लिपा भोकांसमोर धरल्या, तळहातानं एकेक दाबली. टक. टक. टक. आवाज खरंच गोड येत होता. मग म्हणाले, "चला, पुलापर्यंत जाऊन येऊ. तुम्ही पुढं बसा, दाराला कान लावा. तोंड बंद ठेवा."

पांझरेच्या पुलापर्यंत मी, एवढ्या वयाचा माणूस, दाराला कान लावून गेलो. ओळखीचे दोघंतिघं दिसले. एकानं तब्येत विचारली. पुलाच्या सांध्यावर गाडी उडाली, आणि कुठंतरी आत, बारीक, टिक.

"आली!" दाजी म्हणाले.

"मला नाही ऐकू आलं," मी म्हणालो. ऐकू आलं होतं. पण ऊन चढत होतं.

"तुमच्या डोळ्यात दिसलं मला," दाजी म्हणाले, आणि गाडी वळवली.

पुन्हा पॅड खाटेवर. पुन्हा गरम पाणी, पुन्हा उलथणं. मी ओट्यावर जाऊन बसलो. अक्काची सून आतून जेवायला बोलावून गेली. जेवलो. परत आलो तर दाजी दाराच्या पोटात विजेरी मारून बघत होते. अक्कानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून बाजूला ठेवली. थोड्या वेळानं नवं लुगडं चुरगळेल म्हणून पदर सावरला. मग पिशवीच उचलली आणि म्हणाली,

"भाऊ, तू जाय बाबा. तुझी गाडी चुकेल. पुढच्या आखाजीला पाहू."

तिसरी आखाजी. माझं डोकं फिरलं. मी उठलो, दाजींच्या डब्यातला पेचकस घेतला आणि म्हणालो, "सरका. मी जन्मभर गाड्या हाणल्या. एक दार मला शिकवतं काय!"

"ओढू नको भो..."

मी ओढला. पॅड निघाला. सगळ्या क्लिपा निघाल्या, खालच्या कोपऱ्यातली सोडून. ती कडाक् म्हणाली. तिचं डोकं पॅडवर आलं आणि मान भोकात राहिली. ती क्लिप आधीच तडकलेली असणार. माझं अजूनही तेच मत आहे.

राहिलेला तुकडा आत ढकलून द्यावा म्हणून मी पेचकसाचं टोक भोकावर ठेवलं. दाजी इतक्या जोरात ओरडले की गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं.

"मझार लोटू नको! आत पडना ते जलमभर वाजी ते!"

मी थांबलो. बरोबर होतं त्यांचं. तुकडा दाराच्या पोटात पडला असता तर काढायला कोणाचा हात पोचला नसता, आणि तो तिथं खुळखुळ्यासारखा वाजत बसला असता. मी पेचकस खाली ठेवला. दाजी मला रागावले नाहीत. खाली बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांच्या सदऱ्याची पाठ पूर्ण भिजली होती. मला वाटलं, आता हा माणूस रडतो का काय.

मी ओट्यावर गेलो. अक्कानं तांब्या दिला. पाणी प्यालो आणि म्हणालो, मोठ्यानं, कारण तिला मोठ्यानंच बोलावं लागतं, "अक्का, गाडी वाजली तर वाजू दे ना. कोणाचं काय अडलंय?"

"हळू बोल," ती म्हणाली. "मशीन आहे कानात, तुला कधी दाखवलं नाही." केस बाजूला करून दाखवलं. कानामागं शेंगदाण्याएवढं यंत्र. "घरात बरं चालतं. गाडीत बसलं ना भाऊ, की मांडणी कोसळल्यासारखं होतं. बोलणं कमी आणि खडखडच जास्त आत शिरते. डोकं भणाणतं. मग मी काढून रुमालात बांधते."

"मग बांध ना. बोदवडला गेल्यावर लाव."

ती दाजींकडे बघत राहिली. ते दाराशी पाठमोरे बसलेले.

"काढलं की ह्यांचं बोलणं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "मी नुसती मान हलवायची. एकदा लळिंगाहून येताना ह्यांनी काहीतरी विचारलं, मी मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली. मग घर येईपर्यंत बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिला पॅड काढला."

"घरात बोला की."

"घरात?" अक्का हसली. "घरात सून आहे, नातवंडं आहेत, टीव्ही चालू असतो. घरात काय बोलतात ते? पाणी दे. चष्मा कुठंय. एवढ्या वर्षांत हे माझ्याशी बोलले ते गाडी घेतल्यावरच."

"काय एवढं बोलतात?"

"काही नाही रे. रस्त्यात जे दिसलं ते."

मी तांब्या खाली ठेवला. माझा जीव थकून गेला होता, उन्हानं म्हणा, कशानं म्हणा. मी जाऊन दाजींशेजारी बसलो. आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत होतो.

"चिमट्यानं?" मी म्हणालो.

"पकडायला कड नाही," दाजी म्हणाले. "घसरून आत जाईल."

मागून अक्का आली. तिच्या हातात गोधडी शिवायची जाड सुई होती आणि सांडशी. "ही तापवून खुपसा," ती म्हणाली. "गार होऊ द्या, मग ओढा. बटणाचं भोक बुजलं की मी असंच करते."

दाजी स्वतः आत गेले, सुई शेगडीवर लाल करून आणली. तुकड्यात खुपसली तेव्हा प्लास्टिकचा वास सुटला. आम्ही गार व्हायची वाट पाहिली. मी पंच्यानं वारा घातला. दाजींनी करंगळी वर केली, श्वास धरला आणि सुई मागं घेतली. तुकडा सुईला धरून बाहेर आला, लहान मुलाच्या दातासारखा. दाजींनी तो तळहातावर ठेवून अक्काला दाखवला. दोघंही एवढंएवढं हसत होते. मला तिथं उगाच उभं राहिल्यासारखं झालं.

मग मी पॅड धरला आणि दाजींनी क्लिपा लावल्या. त्या भोकाच्या कडेला एक वायर लोंबत होती, तीच पत्र्याला लागत होती, ही सगळ्या दिवसाची टिक तिचीच. दाजींनी शालीचा राहिलेला तुकडा तिला गुंडाळला. मी ओढला नसता तर ती दिसली नसती, हे कोणीही सांगेल.

निघालो तेव्हा उन्हं कलली होती. अक्का पुढं, मी मागं, पिशवी माझ्या मांडीवर. अक्कानं मशीन काढलं नाही, पण रुमाल हातात तयार ठेवला होता. पूल आला. सांध्यावर गाडी उडाली. आम्ही तिघंही श्वास रोखून बसलेलो. काही नाही. इंजिन चालल्याचं तेवढं ऐकू येत होतं.

दाजी बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. एवढी खटपट केलेला माणूस, पण तोंडातून शब्द निघेना. गाव मागं पडलं. फागणं गेलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून समोर बघत बसलेले, पहिल्यांदा मुलगी बघायला गेलेल्या पोरासारखे. अखेर एका रसवंतीवरून गाडी गेली तेव्हा म्हणाले, अगदी हळू,

"हिरवा रंग दिला यानं. गेल्या खेपेला पिवळा होता."

"पिवळा नाही," अक्का म्हणाली. "निळा होता."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. गाडी जराशी रस्ता सोडून गेली.

"निळा?" दाजी म्हणाले.

"निळाच. तिथं तुम्ही रस सांडला होता सदऱ्यावर."

आणि मग सुरू झाले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कुठली विहीर बुजवली, कोणी घरावर मजला चढवला, कापसाच्या जिनाला कुलूप का. शाळेतला एक पोरगा होता, त्याला हत्ती काढायला सांगितला की तो सोंड आधी काढायचा आणि कागद तिथंच संपायचा. अक्का विचारायची, "मग?" दाजी सांगायचे. मला मधे चारदा बोलायचं होतं. मला त्या रस्त्यावरचं दाजींपेक्षा जास्त माहीत आहे. पण मी डोळे मिटून घेतले. झोप आली नव्हती. थकलो होतो, आणि मुऱ्हाळ्यानं किती बोलावं यालाही काही रीत असते.

बोदवडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गल्लीच्या तोंडाशी निंबाला झोका बांधलेला, बायका गोळा झालेल्या. कोणीतरी ओरडलं, "अक्का आली का रे?" मी खिडकीतून हात बाहेर काढला. तेवढ्यात गाडी गल्लीच्या तोंडावरून पुढं गेली, सरळ स्टेशनच्या रस्त्याला. दाजी तेव्हा बदलीच्या वेळची काहीतरी गोष्ट सांगत होते, अर्ध्यावर आली होती.

"दाजी," मी म्हणालो, "गल्ली मागं राहिली."

दाजी सांगता सांगता थांबले. अक्कानं मागं वळून माझ्याकडे बघितलं.

"राहू दे रे भाऊ," ती म्हणाली. "ह्यांचं सांगून होऊ दे."